सोंगातलं कसब

२०१९ साली ‘रूपॉल्स ड्रॅग रेस यूके’ या स्पर्धेचा पहिला हंगाम बीबीसी थ्रीवर लागला. ती वाहिनी त्या काळी फक्त इंटरनेटवर चालायची. या स्पर्धेत ‘स्नॅच गेम’ नावाची एक फेरी असते. प्रत्येकाने एका प्रसिद्ध व्यक्तीचं सोंग घेऊन बसायचं आणि प्रश्न आला की त्या व्यक्तीच्या तोंडून आयत्या वेळी विनोद काढायचा. बहुतेक स्पर्धक गायिका निवडतात, नट्या निवडतात, फार तर एखादी राणी. सत्तावीस वर्षांच्या एका वेल्श स्पर्धकाने डोनाल्ड ट्रम्प निवडला. म्हणजे मूळचा पुरुष, तो रंगमंचावर बाई होणारा, आणि त्या बाईने पुन्हा पुरुषाचं सोंग घेतलेलं. नारिंगी रंग, पिवळा विग, ओठांचा चंबू हे कुणालाही जमलं असतं. पण वाक्य सुरू करून मध्येच स्वतःच्या कौतुकाकडे वळायचं, मूळ प्रश्न वाऱ्यावर सोडायचा आणि तरी उत्तर दिल्याच्या थाटात समोर बघायचं, ही ट्रम्प यांची बोलण्याची चाल तिने नेमकी उचलली होती. त्याच फेरीत बागा चिप्स ही दुसरी स्पर्धक मार्गारेट थॅचर झाली होती. दोघींना मिळून ती फेरी बहाल झाली आणि पुढे याच दोन सोंगांवर एक वेगळी वेबमालिकाही निघाली.

ट्रम्प झालेली ती स्पर्धक म्हणजे द विव्हिएन. तो हंगाम तिनेच जिंकला. तिची ओळख करून देताना मी या फेरीपासून सुरुवात केली, कारण ड्रॅग म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कपडे, चकाकी आणि थोडी बिचकलेली उत्सुकता येते. ते सगळं या चरित्रात आहेच. पण जेम्स ली विल्यम्स या माणसाने ३२ वर्षांच्या आयुष्यात जे उभं केलं, त्याच्या मुळाशी विनोदी नटाचं कसब होतं. हे एकदा ध्यानात घेतलं की उरलेल्या गोष्टी आपापल्या जागी बसतात.

आधी एक व्यावहारिक सूचना. मराठीत क्रियापदालाही लिंग चिकटलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते. या मजकुरात जेम्स हा ‘तो’ आहे आणि द विव्हिएन ही ‘ती’. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर वाचकाने गोंधळू नये. ड्रॅग करणाऱ्या अनेकांच्या रोजच्या बोलण्यातही असंच चालतं.

मराठी वाचकाला इथे बालगंधर्व आठवणार, आणि आठवावेतही. स्त्रीपार्टी नटांची एवढी मोठी परंपरा ज्या रंगभूमीने पाहिली, तिला पुरुषाने बाई होणं हे काही नवलाचं नाही. गंधर्वांच्या शालूची आणि दागिन्यांची घरंदाज बायका नक्कल करत, हे आपण वाडवडिलांकडून ऐकत आलो आहोत. पण ती आठवण इथे काही अंतरच आपल्याला नेते, पुढे दिशाभूल करते. गंधर्वांची सगळी धडपड प्रेक्षकाला पुरुषाचा विसर पडावा यासाठी होती. ड्रॅगमध्ये तो विसर पडला तर खेळच संपतो. विगखाली कोण आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, नटाला ते ठाऊक असल्याचं ठाऊक असतं, आणि विनोद जन्मतो तो या दोन जाणिवांच्या फटीत. आपल्याकडचं जवळचं उदाहरण शोधायचंच तर ते संगीत नाटकात सापडणार नाही, तमाशातल्या मावशीत सापडेल. गवळणींच्या घोळक्यात पदर सावरत येणारी ती मावशी पुरुष आहे हे कुणापासूनच लपवलेलं नसतं, आणि तिच्या तोंडी येणारा चावटपणा म्हणूनच खपून जातो.

ब्रिटनमध्ये या मावशीची एक सख्खी बहीण आहे: पँटोमाइममधली ‘डेम’. नाताळच्या सुमारास गावोगावच्या थिएटरांत लागणारा हा खेळ अख्खं कुटुंब बघायला जातं. त्यातली डेम म्हणजे दणकट बांध्याचा, भडक झग्यातला, प्रेक्षकांशी हुज्जत घालणारा पुरुष नट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॅन लेनो या नटाने लंडनच्या ड्ररी लेन थिएटरात या भूमिकेला जो आकार दिला, तो आजही थोड्याफार फरकाने टिकून आहे. आजी नातवंडांना घेऊन जाते, नातवंडं ओरडून ओरडून घसा बसवून घेतात, आणि कुणालाही यात वावगं वाटत नाही. विसाव्या शतकात डॅनी ला रू याने हीच गोष्ट नाइट क्लबांच्या आणि नाट्यगृहांच्या झगमगाटात नेली. त्याला २००२ साली राजघराण्याकडून ओबीई हा किताबही मिळाला.

पण त्याच देशात याच वेषाचा दुसरा इतिहास पोलिसांच्या दप्तरात आहे. १८७० साली अर्नेस्ट बोल्टन आणि फ्रेडरिक पार्क या दोन तरुणांना बायकांच्या कपड्यांत नाटक बघायला गेल्यावरून लंडनच्या स्ट्रँड थिएटराबाहेर पकडण्यात आलं. खटला बराच गाजला आणि पुढच्या वर्षी ते निर्दोष सुटले. रंगमंचावरच्या झग्याला टाळ्या आणि प्रेक्षकांतल्या झग्याला बेड्या, असा हा हिशेब होता. समलिंगी संबंधांवरची बंदी इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ साली उठली, तीही अर्धवट: दोघे २१ वर्षांवरचे हवेत आणि सगळं खासगीत हवं. मधल्या काळात ड्रॅग फुललं ते पबमध्ये. दक्षिण लंडनमधलं रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न हे त्याचं मोठं ठाणं. जानेवारी १९८७ मध्ये पोलिसांनी तिथे धाड घातली तेव्हा त्यांनी हातांत रबरी मोजे चढवले होते. एड्सच्या भीतीचा तो काळ. त्या रात्री मंचावर लिली सॅव्हेज होती, म्हणजे बर्कनहेडचा पॉल ओ’ग्रेडी. धाडीत पकडलेल्यांत त्याचाही नंबर लागला. दहाच वर्षांनी हीच लिली सॅव्हेज बीबीसीवर ‘ब्लँकेटी ब्लँक’ या घराघरांत बघितल्या जाणाऱ्या खेळाची सूत्रसंचालक झाली. ‘स्नॅच गेम’ ज्या अमेरिकी खेळाची टवाळी आहे, त्याचाच हा ब्रिटिश अवतार. तेव्हा ट्रम्प होऊन बसलेल्या विव्हिएनच्या पाठीशी नदीपलीकडची ही लिली होतीच. बर्कनहेड आणि लिव्हरपूल यांच्यामध्ये फक्त मर्सी नदी आहे.

जेम्सचा जन्म १२ एप्रिल १९९२ चा. वाढला उत्तर वेल्समधल्या कॉल्विन बे या समुद्रकाठच्या गावात. शाळांनी आणि नगरपालिकांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये, असा १९८८ चा कायदा इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ पर्यंत लागू होता. म्हणजे त्याची सुरुवातीची शालेय वर्षं या कायद्याच्या सावलीत गेली. शिक्षकाने मुलाशी या विषयावर बोलायचंच टाळावं, असा त्या कायद्याचा प्रत्यक्षातला परिणाम होता. मुलाला जे कळायचं ते मैदानावरच्या टोमण्यांतून. कळत्या वयात तो लिव्हरपूलला आला आणि त्या शहराचाच होऊन गेला. व्हिव्हियन वेस्टवुड या फॅशन डिझायनरच्या कपड्यांचं त्याला वेड होतं. सतत तेच कपडे अंगावर दिसायचे, त्यावरून ‘विव्हिएन’ हे नाव पडलं.

लिव्हरपूल हे बोलघेवडं शहर आहे. गोदी कामगारांचं, खलाशांचं, आयर्लंडहून आलेल्यांच्या वस्त्यांचं. तिथे टॅक्सीवालाही गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय सोडत नाही, आणि विनोदाचा पहिला बळी बोलणारा स्वतःच असतो. अशा शहरातल्या बारमध्ये ड्रॅग करायचं म्हणजे काय, याची कल्पना दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेवरून येत नाही. प्रेक्षक तिकीट काढून, गप्प बसून बघायला आलेले नसतात. ते प्यायला आलेले असतात. कुणाची लग्नाआधीची पार्टी चालू असते, कुणाचं भांडण. ध्वनिव्यवस्था बेताची, मंच चार फळ्यांचा, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात लक्ष वेधलं नाही तर लोक पाठ फिरवतात. मागून कुणी काही घाणेरडं ओरडलं तर त्याहून धारदार, पण सगळ्यांना हसवेल असं उत्तर त्याच क्षणी द्यावं लागतं. इथे लिहून आणलेला विनोद चालत नाही. ट्रम्पच्या सोंगात जो हजरजबाबीपणा दिसला, त्याची तालीम या बारमध्ये वर्षानुवर्षं झाली होती.

आणि या सगळ्याआधी आरशासमोरचे दोन-तीन तास. भुवया गोंदाच्या कांडीने चापून बसवायच्या, त्यावर पावडरीचे थर देऊन त्या दिसेनाशा करायच्या आणि कपाळावर वरच्या बाजूला नव्या रेखायच्या. गडद आणि फिकट रंगांनी चेहऱ्याची हाडं नव्याने मांडायची. स्पंज कापून नितंबांचा घेर करायचा, त्यावर एकावर एक टाइट्स चढवायच्या, कंबर आवळायची, मग विग. हा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. बारकडून मिळणारं एका रात्रीचं मानधन आणि एका चांगल्या विगची किंमत यांचा मेळ बसवताना बहुतेकांची तारांबळ उडते. या धंद्याचं अर्थकारण आपल्याकडच्या हौशी नाट्यसंस्थांना सांगायला नको. विव्हिएनचा मेकअप मात्र पहिल्यापासून डोळ्यांत भरणारा होता. रेषा इतकी स्वच्छ, की जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्यालाही बोट ठेवायला जागा सापडू नये.

अमेरिकेत ‘रूपॉल्स ड्रॅग रेस’ २००९ मध्ये सुरू झाली होती. २०१५ साली तिचा सूत्रधार रूपॉल याने आपल्या कार्यक्रमाचा ब्रिटनमधला राजदूत म्हणून द विव्हिएनची निवड केली. ब्रिटिश आवृत्ती तेव्हा अस्तित्वातही नव्हती. त्याच वर्षी रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्नची इमारत समलिंगी समाजाच्या इतिहासासाठी संरक्षित वास्तू म्हणून नोंदली गेली. ज्या मंचावर रबरी मोजे घालून पोलिस आले होते, तो २८ वर्षांनी वारसा ठरला.

ब्रिटिश स्पर्धा आली तेव्हा तिच्यात एक गंमत होती. अमेरिकेत विजेतीला एक लाख डॉलर मिळत. बीबीसी लोकांच्या परवाना शुल्कावर चालते, त्यामुळे रोख बक्षीस नाही. दर आठवड्याच्या विजेतीला छातीवर लावायचा एक बिल्ला, आणि शेवटी विजेतीला हॉलिवूडमध्ये स्वतःची वेबमालिका. लहान मुलांच्या ‘ब्लू पीटर’ कार्यक्रमात मिळणाऱ्या प्रसिद्ध बिल्ल्याची ही उघड नक्कल, आणि ब्रिटिश प्रेक्षकांना या कंजूषपणाचाच सर्वांत जास्त आनंद झाला. दहा स्पर्धकांतून डिव्हिना डी कॅम्पोला मागे टाकून विव्हिएन जिंकली. या हंगामाचं श्रेय द्यायचं तर ते यासाठी द्यावं, की पबमधलं रांगडं, तोंडाळ, थोडं मळकट ड्रॅग त्याने आहे तसं दाखवलं. अमेरिकी साच्यात ते ओतलं नाही. पुढच्या हंगामांबद्दल असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. सफाई वाढली तशी धार थोडी बोथट झाली, असं माझं मत आहे.

त्याच हंगामात, मेकअप करता करता, जेम्सने एक गोष्ट सांगितली. केटामाइन या अमली पदार्थाच्या व्यसनात त्याची सुमारे चार वर्षं गेली होती. रडारड नव्हती, की उपदेशही नव्हता. आरशात बघत, पापण्या चिकटवत एखादी जुनी हकीकत सांगावी तसं ते बोलणं झालं. त्या क्षणी ऐकणाऱ्यांना ती संपलेली गोष्ट वाटली.

नंतरची वर्षं भरगच्च होती. २०२२ मध्ये अमेरिकेत फक्त माजी विजेत्यांना एकत्र आणणारा हंगाम झाला. त्या आठ जणींत अमेरिकेबाहेरची एकटी विव्हिएन होती. तिथे ती जिंकली नाही. २०२३ मध्ये आयटीव्हीच्या ‘डान्सिंग ऑन आइस’मध्ये उतरलेली ती पहिली ड्रॅग कलाकार ठरली. जोडीदार होता कॉलिन ग्राफ्टन. बर्फावर पडल्यावर विग सांभाळायचा की हाड, असा प्रश्न असलेल्या या स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोहोचली आणि तिसरी आली. रविवारी संध्याकाळी चहा घेत टीव्ही बघणाऱ्या, पबच्या बाजूला कधी न फिरकलेल्या घरांत ती अशी शिरली. डॅन लेनोची डेम ज्या घरांना शंभर वर्षांपूर्वीपासून चालत होती, तीच ही घरं.

त्याच वर्षीच्या जूनमधला एक प्रसंग मात्र झग्याविना घडला. लिव्हरपूलमधल्या एका बर्गरच्या दुकानात, साध्या कपड्यांत उभ्या असलेल्या जेम्सच्या तोंडावर एका माणसाने ठोसा मारला. आधी कपड्यांवरून, रूपावरून शेरेबाजी झाली होती. जेम्सने गप्प न बसता तक्रार केली, साक्ष दिली, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने हा हल्ला समलिंगी द्वेषातून झाल्याचं मान्य केलं. टीव्हीवरच्या टाळ्या आणि रस्त्यावरची सुरक्षितता यांच्यातलं अंतर मोजायला हा एक खटला पुरेसा आहे. १८७० च्या खटल्यात झगेवाले आरोपीच्या पिंजऱ्यात होते. या खटल्यात पिंजऱ्यात मारणारा उभा होता.

मग ‘द विझर्ड ऑफ ऑझ’. या संगीत नाटकातली पश्चिमेची दुष्ट चेटकीण विव्हिएनने देशभराच्या दौऱ्यात केली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वेस्ट एंडमध्ये, गिलियन लिन थिएटरातही. तिच्या सगळ्या कामांत मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ही भूमिका काही ड्रॅगची नव्हे. इथे हजरजबाबी शेरे मारायला मोकळीक नाही, शब्द आणि सूर ठरलेले, आठवड्यातून आठ-आठ प्रयोग, आणि समोर पहिल्यांदाच नाटक बघणारी पोरं. त्यांना घाबरवायचं, पण रडवायचं नाही. बारमध्ये तयार झालेल्या नटाला ही शिस्त पेलते का, अशी शंका घ्यायला जागा होती. ती पेलली. ‘चिटी चिटी बँग बँग’मधला पोरं पकडून नेणारा खलपुरुष ही तिची पुढची भूमिका. २०२५ च्या सुरुवातीला त्या नाटकाचे आणखी प्रयोग ठरलेले होते.

५ जानेवारी २०२५ रोजी चेशरमधल्या राहत्या घरी जेम्सचा मृत्यू झाला. महिन्याच्या अखेरीस उत्तर वेल्समधल्या बॉडेलविडनच्या संगमरवरी चर्चमध्ये अंत्यविधी झाला. चेटकिणीच्या रंगाची आठवण म्हणून ठिकठिकाणची थिएटरं आणि इमारती हिरव्या दिव्यांनी उजळल्या होत्या.

मार्चमध्ये कुटुंबाने मृत्यूचं कारण स्वतःहून जाहीर केलं: केटामाइनच्या परिणामाने हृदय बंद पडलं. हे सांगायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. लोक हळहळत होते, आठवणी काढत होते, तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण बहीण शनेल विल्यम्स पुढे आली आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या ‘अडफेरियाड’ या वेल्श संस्थेबरोबर काम करायचं कुटुंबाने ठरवलं. केटामाइन हे मुळात भूल देण्याचं औषध. दवाखान्यात, जनावरांच्या शस्त्रक्रियेतही ते वापरतात. नशेसाठी ते स्वस्तात मिळतं आणि ‘हलकं’ समजलं जातं, यातच त्याचा सापळा आहे. सततच्या सेवनाने मूत्राशय कायमचं निकामी होऊ शकतं. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ते अमली पदार्थांच्या ‘ब’ वर्गात आहे. जानेवारी २०२५ मध्येच सरकारने ते ‘अ’ वर्गात टाकावं का, याबद्दल आपल्या सल्लागार समितीकडे विचारणा केली. वर्ग बदलला की व्यसन सुटतं, यावर माझा विश्वास नाही. उघडपणे बोललं गेलं की मदत मागणं सोपं होतं, यावर आहे, आणि म्हणून शनेलचं काम मला सरकारी वर्गवारीपेक्षा मोलाचं वाटतं.

अशा मृत्यूनंतर लिहिल्या जाणाऱ्या चरित्रांत एक मोह नेहमी असतो. शेवट ठाऊक असल्यामुळे प्रत्येक हसण्यात दुःख शोधायचं, प्रत्येक झगमगाटामागे अंधार दाखवायचा, आणि ‘विदूषकाचे अश्रू’ या ठरीव चौकटीत माणूस बसवून मोकळं व्हायचं. मराठीत आपण हे आपल्या विनोदी नटांशीही पुष्कळदा केलं आहे. विव्हिएनच्या बाबतीत ते खोटं ठरेल. व्यसन तिच्या कलेचं इंधन नव्हतं, ते तिच्या कामातला अडथळा होतं. त्यातून बाहेर येऊन तिने जी पाच-सहा वर्षं काम केलं, ती तिच्या आयुष्यातली सर्वांत शिस्तीची वर्षं होती. तिची जागा लिली सॅव्हेज आणि डॅनी ला रू यांच्या रांगेत आहे, आणि ती जागा तिने मरणामुळे मिळवलेली नाही.

तेव्हा वाचकाला एक विनंती. पुढच्या पानांत बारमधल्या वर्षांचं, मेकअपचं आणि तालमींचं जे सविस्तर वर्णन येईल, ते घाईने उलटू नका, आणि शेवटचं प्रकरण आधी वाचू नका.